चाल नेहमीची

स्नेहमेळावा समितीचा निरोप आला, ‘पुण्यातल्या भजनाचा इतिहास लिहून दे, दोन-तीन पानं.’ मी इतिहासकार नव्हे. चौतीस वर्षं बँकेत खतावण्या तपासल्या. पण आपल्या १९७८च्या दहावीच्या तुकडीत पेटी वाजवणारा मी एकटाच होतो आणि आजोबांचं भजनी मंडळ तुमच्यापैकी निम्म्यांनी ऐकलेलं आहे (काहींनी फक्त चुरमुरे-फुटाण्यांसाठी), म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. साऱ्या पुण्याचा इतिहास मला झेपणार नाही. एका चालीचा लिहितो.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर खिळे जुळवायचे आणि एकादशीला अन् दर गुरुवारी रात्री जवळच्या विठोबाच्या देवळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक आजी संध्याकाळच्या पोळ्यांतूनच काढून ठेवी. भजन संपलं की तो गोळा गाईला. मी सहाव्या वर्षी टाळ धरला आणि दहाव्या वर्षी पेटीवर बसलो. भजन शिकवणं असा प्रकार नव्हताच. बसायचं, ऐकायचं, झील धरायची. रामकृष्णहरीच्या गजरानं सुरुवात, मग रूपाचे अभंग, गौळण, एखादं भारूड आणि शेवटी आरती. पुण्यातल्या नोकरदारांच्या मंडळाची घडीही साधारण दिंडीतल्यासारखीच. आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या शहरात येत, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या रात्री आमचं मंडळ तिकडे जाऊन बसे आणि सातारा-सोलापूरकडच्या टाळकऱ्यांच्या चाली ऐकून येई. परतताना लक्ष्मी रोडवर आजोबा त्या घोळवत चालायचे.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. वाड्याचा खालचा मजला पाण्यात गेला आणि त्यात मंडळाचं बाड गेलं. दोन पिढ्यांनी हातानं उतरवलेले अभंग त्यात होते. आजोबांनी पुढच्या वर्षभरात आठवून आठवून नवं बाड लिहिलं. ते आज माझ्याकडे आहे. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, काना-मात्रा जागच्या जागी. प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर डाव्या कोपऱ्यात लाल शाईनं चालीची खूण आहे. कुठे ‘चाल कान्होपात्रेची’, कुठे ‘चाल मोठ्या बुवांची’, कुठे ‘चाल पालखीत ऐकलेली’. आणि सगळ्यात जास्त ठिकाणी ‘चाल नेहमीची’.

लिहिताना त्यांना वाटलं असणार, नेहमीची म्हटलं की पुरे. कोण विसरणार?

चाली अशा खुणेनं सांगायची रीत जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यातल्या साक्या-दिंड्या लोकांना परक्या वाटल्या नाहीत, कारण कीर्तनातून त्या कानावर होत्याच. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदावर चाल कशाची ते दिलेलं असे. म्हणजे देवळातलं नाटकात गेलं. पुढे ते उलटंही आलं. १९३१मध्ये गंधर्व नाटक मंडळीचं ‘कान्होपात्रा’ आलं, संगीत मास्तर कृष्णरावांचं. बालगंधर्वांनी त्यात गायलेले अभंग भजनी मंडळांनी उचलले. आमच्याकडची शेवटची भैरवी तिथलीच. मी ती लहानपणी थेट संतांच्या काळातली समजत होतो.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’नं (१९३६) तर कमालच केली. केशवराव भोळ्यांचं संगीत आणि विष्णुपंत पागनिसांचा आवाज. पागनिसांना लोक खरोखरीचे तुकोबा समजू लागले. त्या चित्रपटातलं बीज-अंकुराचं प्रसिद्ध पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण पुष्कळांना ते गाथेतलंच वाटलं. आमच्या बाडातही ते तुकोबांच्या अभंगांत सुखानं नांदतं आहे. मी ते खोडलेलं नाही.

मग रेडिओ. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ लागलं. आठवड्याला एक नवं गीत, एकूण छप्पन. वाड्यात रेडिओ फक्त मालकांकडे. आजी सांगायची, त्या सकाळी बायका आंघोळी उरकून, सोवळ्यात नसल्या तरी धुतलेल्या लुगड्यात, मालकांच्या ओसरीवर बसत आणि रेडिओपुढे निरांजन लावत. माझ्या मते बदल इथे झाला. तोवर देवाचं नाव लोक स्वतः घेत होते, बरं-वाईट जसं येईल तसं. आता ते हात जोडून ऐकण्याची वस्तू झालं, आणि ऐकलेलं इतकं सुरेख होतं की आपल्या तोंडचं ओबडधोबड वाटू लागलं.

याच केंद्रात काम करणाऱ्या राम फाटकांनी नामदेवांच्या एका अभंगाला चाल लावली आणि पंडित भीमसेन जोशींनी तो गायला. कुठला अभंग हे तुम्हाला सांगायला नको. तो अभंग आमच्याही भजनात होता. बाडात त्याच्या डोक्यावर लिहिलं आहे, ‘चाल नेहमीची’.

आठवीतलं स्नेहसंमेलन आठवतं का? डिसेंबर १९७५. मी रेडिओवर ऐकून ऐकून तो अभंग बसवला होता, ताना सोडून. तबल्याला कोण होता ते त्याचं त्यालाच आठवू दे, त्याची लय सुटली होती. तरी टाळ्या पडल्या, मला कंपासपेटी मिळाली आणि बाईंनी वर्गात पुन्हा म्हणायला लावलं. डोक्यात हवा जायला तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्याच एकादशीला आजोबांनी तोच अभंग सुरू केला, त्यांच्या चालीत. मी पेटीवर मुद्दाम रेडिओची चाल धरली. झील गोंधळली, टाळ फुटले. चौदाएक माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणालो, “आजोबा, तुमची चाल चुकते आहे. ही अशी नाहीच मुळी.”

त्यांनी पखवाजावर हात ठेवून तो बंद केला. रागावले नाहीत. म्हणाले, “बरं. तुझी म्हण. आम्ही धरतो मागे.”

आणि त्यांनी धरली. छापखान्यातून दमून आलेली, किराणा दुकानातली, खडकीच्या कारखान्यातली ती माणसं तेरा वर्षांच्या पोराकडून चाल शिकली. दोनेक वर्षांत मी त्यांच्या आणखी सात-आठ चाली अशाच ‘सुधारल्या’. भीमसेनजींच्या ‘संतवाणी’ची तेव्हा गावभर हवा होती, खळे काकांनी लतादीदींकडून गाऊन घेतलेले तुकोबांचे अभंग होते. मंडळाला नवा रंग चढला, गर्दी वाढली, मलाही मान मिळाला. खोटं कशाला सांगू, मजा आली.

फरक मला फार उशिरा कळला. फाटकांची चाल थोर आहे, पण ती एका समर्थ गळ्यासाठी आहे. आजोबांची चाल चार-पाच सुरांत फिरायची. मुख्य गायक एक चरण म्हणणार, बाकीचे तोच परत म्हणणार, तेवढ्यात पुढचा आठवायला त्याला उसंत. तिसऱ्या चरणाला सूर थोडा चढायचा, लय वाढायची आणि शेवटी नुसतं विठ्ठल विठ्ठल उरायचं. बेसूर माणूसही त्यात बुडून जाई. नवी चाल आल्यावर आमच्यातले दोघे-तिघे गप्प झाले. येत होते, टाळ वाजवत होते, पण तोंड मिटलेलं. त्यातल्या एका म्हाताऱ्यांनी नंतर टाळही धरला नाही, खांबाला टेकून बसत. मला तेव्हा वाटलं, तब्येत बरी नसेल.

१९८३मध्ये पहिल्या पगाराच्या पैशांतून मी टेपरेकॉर्डर घेतला. आजोबा १९८४च्या पावसाळ्यात गेले. मधल्या वर्षभरात त्या यंत्रावर मी काय रेकॉर्ड केलं असेल? रेडिओवरची गाणी. त्यातली बहुतेक पुढे दुकानात कॅसेटवर आयती मिळाली.

जुनी चाल तरी मुळातली होती का, असं कुणी विचारेल. एका जाणत्या पेटीवाल्यांना मी आठवणारा तुकडा ऐकवला, तर ते म्हणाले, पहिली ओळ कुठल्यातरी जुन्या नाटकाच्या पदावरून आलेली दिसते. असेल. पालखीतून, नाटकातून, सिनेमातून घेऊनच तर मंडळं जगली. पण ते घेताना आपल्या गळ्याला बेतून घेत. मी जशीच्या तशी आणून बसवली.

मला धृपद पूर्ण आठवतं आणि अंतऱ्याचा अर्धा तुकडा. मंडळातलं आता कोणी नाही. देऊळ आहे, वाडा पडून तिथे पाच मजली इमारत झाली.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत कोथरूडला हे सगळं बोलता बोलता मी तो तुकडा गुणगुणलो. तेव्हा आमच्याच वाड्यात भिंतीपलीकडे राहणारी, आपल्या ‘अ’ तुकडीतली एक मैत्रीण (नाव लिहिलंस तर बघ, अशी तंबी आहे) चहाचे कप भरत होती. तिनं मान वर न करता पुढची ओळ म्हटली. मी थांबलो तशी म्हणाली, “अरे, दर गुरुवारी त्याच्यावरच आम्ही झोपायचो.” तिला मी पुन्हा म्हणायला लावली, चार वेळा. तिसऱ्या चरणाचा तो चढ तिला बरोब्बर आठवतो. शेवटचा चरण येईपर्यंत मात्र ती झोपलेली असे.

तर एवढंच राहिलं आहे, शेवटचा चरण आणि तिथून गजरात उतरायची जागा. १९७०च्या आसपास आमच्या वाड्यात, शेजारी, किंवा देवळामागच्या बोळात जे कोणी राहत होते त्यांनी, आणि बाई, तुम्हीही तिथूनच शाळेत येत होतात, मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या चहाला मला गाठा. सभागृहाच्या डाव्या कोपऱ्यात पेटी आणि ते बाड घेऊन बसलेलो असेन.