फरारबाईंच्या शाळा

1827च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार मुंबईत उतरल्या. ख्रिस्ती मिशनने एका अविवाहित बाईला परदेशी धाडावे, याचे तिकडेही नवलच होते. काम ठरलेले होते: मराठी मुलींच्या शाळा चालवणे.

पण मुली पाठवणार कोण? घरोघरी बाटवण्याची धास्ती होती, आणि मुली शिकवायच्या कशाला हा सवालही.

1839मध्ये फरारबाई अहमदनगरला आल्या. तिथली त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि 1848मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतले. मिशनच्या शाळेत बायबल असे. फुल्यांनी धर्मप्रसार वगळून शिक्षण तेवढे उचलले.

फरारबाई 1862मध्ये नगरलाच वारल्या.