तलवार आणि चमत्कार : प्रभातच्या पडद्यावरील एक फारकत

तलवारबाजी आणि दैवी अथवा मांत्रिक चमत्कार यांची एकाच कथेत सांगड घालणारा चित्रपट ही आज हाँगकाँगची मिरासदारी मानली जात असली, तरी मराठी पडद्यालाही हा प्रकार मूकपटाच्या काळापासून परिचित होता, आणि ज्या प्रभात फिल्म कंपनीने तो कोल्हापुरात वाढवला तिनेच पुण्यात आल्यावर त्याची दोन अंगे एकमेकांपासून वेगळी केली.

या परंपरेचे मूळ बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शोधावे लागते. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला आणि त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे वगळावे लागले. पेंटरांच्या हाताखाली घडलेले विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभातची स्थापना केली. राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेणाऱ्या अही-मही राक्षसांची आणि त्यांच्या सुटकेसाठी धावणाऱ्या हनुमानाची कथा सांगणारा ‘चंद्रसेना’ (१९३१) हा पौराणिक मूकपट, राजपुत्र, बंड आणि द्वंद्वयुद्ध यांवर उभा असलेला ‘अग्निकंकण’ (१९३२) हा पोशाखी बोलपट, म्हणजे काल्पनिक राजदरबाराच्या भरजरी वेशभूषेतील साहसकथा, आणि नाथपंथीय आख्यानावरील ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) ही त्या काळातील ठळक उदाहरणे होत. शेवटच्या चित्रपटात पुरुषद्वेष्ट्या स्त्रीराज्याची राणी दुर्गा खोटे यांनी पाळीव चित्त्यासह साकारली, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ झाले आणि विनायक गोरखनाथ. शस्त्रधारी स्त्रियांचे हे राज्य ही गुरूने शिष्यासाठी रचलेली माया असल्यामुळे येथे शस्त्र आणि सिद्धी एकाच कथानकात गुंफलेली दिसतात.

असे चमत्कार, ज्यांना त्या काळी सर्रास ट्रिकसीन म्हटले जाई, प्रामुख्याने कॅमेऱ्यातच घडवावे लागत. चित्रचौकटीचा एक भाग झाकून उरलेल्या भागावर चित्रण करायचे, नंतर तीच फीत मागे गुंडाळून झाकलेला भाग दुसऱ्या दृश्याने भरायचा, अशी ही डबल एक्स्पोजरची रीत होती. कॅमेरा बंद करून, नटांना जागच्या जागी थांबवून मधल्या वेळात एखादी वस्तू हलवली, तर ती पडद्यावर अदृश्य होई. या कामाला कमालीचा हिशेबीपणा लागे, कारण एका चुकीने दोन्ही वेळचे चित्रण वाया जात असे.

तलवारीची गोष्ट वेगळी होती. शिवचरित्रावरील ‘उदयकाल’ (१९३०) या मूकपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते आणि ते ब्रिटिश सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. पाताळातील राक्षसावर उगारलेल्या शस्त्राला असा अडथळा येत नसे, इतिहासातील शस्त्राला मात्र तो येई. पुराणकथांच्या लोकप्रियतेची कारणे शोधताना भाविकतेइतकाच हा व्यावहारिक भागही लक्षात घ्यावा लागतो.

१९३३ साली कंपनी पुण्यात आली. त्याच वर्षी प्रभातच्या स्वतःच्या ‘सैरंध्री’ या बोलपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी शांताराम जर्मनीला गेले होते, रंग मनासारखा साधला नाही, पण तेथील छायाप्रकाशाच्या शैलीचा ठसा पुण्यातील पहिल्या चित्रपटावर, ‘अमृतमंथन’वर (१९३४) उमटला. बळी देण्याची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध देवीचा राजगुरू कट रचतो, अशी ही कथा आहे. टेलिफोटो भिंगाने, म्हणजे दूरची वस्तू जवळ ओढणाऱ्या भिंगाने, टिपलेला राजगुरूचा पडदाभर डोळा गाजला तो अकारण नव्हे: येथील भय देवीच्या सामर्थ्यातून उपजत नाही, माणसाच्या कारस्थानातून उपजते. १९३५ साली ‘चंद्रसेना’ बोलपट होऊन परत आला खरा, परंतु तो जुन्या वाटेवरचा मुक्काम ठरला. पुढल्याच वर्षी ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे यांनी साकारलेली सौदामिनी अन्यायाविरुद्ध समुद्रावर चाचेगिरी करते आणि तिच्या लढ्याला कोणत्याही सिद्धीचा आधार नाही. त्याच १९३६ साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये चमत्काराला शस्त्राची सोबत उरली नाही, वैकुंठाला नेणारे विमान ज्याच्यासाठी उतरते तो देहूचा निःशस्त्र वाणी आहे. हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

याच सुमारास शांघायमध्ये काय घडले हे पाहण्यासारखे आहे. तेथे १९२८ साली सुरू झालेल्या ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ या मालिकेने वुशियाची, म्हणजे भटक्या खड्गवीरांच्या कथांची, मोठी लाट आणली, आणि अंधश्रद्धा पसरवतात म्हणून असे चित्रपट सरकारनेच बंद पाडले. पुण्यात अशी बंदी नव्हती. येथील फारकत कलावंतांनी स्वतः केली, आणि तिच्यामागे सुधारणावादी वाचकवर्ग जितका होता तितकीच वारकरी परंपराही होती.

‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) ट्रिकसीनची कारागिरी कळसाला पोहोचली: निर्जीव भिंत चालू लागते आणि वाघावर बसून आलेल्या चांगदेवाचा योगसामर्थ्याचा गर्व उतरतो. सिद्धी मिरवणारा योगी, जो जुन्या पद्धतीच्या चित्रपटात नायक शोभला असता, तो येथे नमणारा ठरला. प्रभातने पेशवाईतील पुणे पडद्यावर आणले ते १९४४ च्या ‘रामशास्त्री’त, त्यात नारायणरावांच्या खुनाची कथा आहे, तलवारी गारद्यांच्या हातांत आहेत, आणि नायक आहे तो देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश.