परस्थळ आणि लोकायुक्त

गांवच्या कारभाऱ्यावरील तक्रार गांवांतच निवडावी कीं बाहेर, हा प्रश्न जुना आहे. गोतसभेंत पाटील स्वतःच पक्षकार असला, किंवा सभासद त्याचे भाऊबंद असले, तर वादी ‘परस्थळ’ मागे व मनसुबी दुसऱ्या गांवच्या गोताकडे जाई. गोदातीरींचें पैठण अशा निवाड्यांचें मान्य स्थळ होतें. स्वीडनांत १८०९ सालीं निघालेलें ‘ऑम्बुड्समन’ हें पद आमच्या मतें याच जातीचें.

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) १९४८ त निजामी अंमलांतून सुटला. पुढें चोवीस वर्षांनीं, १९७१ च्या कायद्यान्वयें, महाराष्ट्रांत लोकायुक्त आले. पद प्रत्यक्ष भरणारें हें पहिलेंच राज्य. त्या कायद्यांत गाऱ्हाण्यास बारा महिन्यांची मुदत होती व अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागे. लोकायुक्तानें हुकूम सोडावयाचा नाहीं, शिफारस करावयाची. ती मानली न गेल्यास राज्यपालांकडे विशेष अहवाल, व तो विधिमंडळापुढें.

मात्र चौकशी खासगींत. जुन्या महजरावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. निवाडा कोणासमक्ष झाला हें तीनशें वर्षांनींहि वाचतां येतें. लोकायुक्ताकडील पत्रोत्तर अर्जदाराच्या घरींच पडून राहतें. तें अर्वाचीन म्हणून आमचे संग्राहक बंधु दप्तरांतून बाजूस काढतात; पुढील संशोधकास चकलांब्यासारख्या गांवचें गाऱ्हाणें त्यांतच सांपडावयाचें आहे.