अफझलगंज आणि शिंदीचं मडकं

पाचवे निजाम अफजलउद्दौला यांच्या नावाचं आपलं अफझलगंज म्हणजे मुसीकाठची धान्यपेठ. धान्य लांबून येई, महिनोन्महिने टिके. शिंदी, म्हणजे हैदराबादी बोलीतली सेंधी, मात्र आसपासच्या झाडांचीच हवी. (आमच्या घरी तिचं नाव काढायची सोय नव्हती! पण आबकारी हे निजाम सरकारचं मोठं उत्पन्न, म्हणून लिहितो.)

कारण असं, की रस मडक्यात उतरतानाच आंबू लागतो, वायू सुटतो. तोंड घट्ट बांधलं तर मडकं फुटायची भीती. उघडं ठेवलं तर हवा लागून एक-दोन दिवसांत आंबट, पुढे चक्क सिरका. बिअरचा शत्रूही हवाच. पण घरी बिअर करणारेसुद्धा हल्ली स्टीलच्या पिंपातली हवा आधी कार्बन डायऑक्साइडनं हाकलतात, मग तळातून बिअर भरतात, की झाली प्रवासाला तयार. शिंदीवाल्याकडे होती फक्त पहाटेची घाई. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं, पण मग ती नीरा झाली, तिला शिंदी कोण म्हणणार?

2023 मध्ये हुसेनसागराकाठी सरकारी नीरा कॅफे उघडलं. तिथेही सगळी भिस्त थंड ठेवण्यावरच.