ठासणीची बंदूक : वादीचं कातडं कुणी ओढलं?

बंदुकीचं कौतुक करणारा माणूस आपल्यात सहसा भेटत नाही. जुनी बंदूक म्हटलं की सरदाराचं घराणं, वाड्यातली खुंटी, दसऱ्याची शस्त्रपूजा. आपला काय संबंध, असं आपले पोट्टे म्हणतात. मी म्हणतो, संबंध आहे. पण तो दिसायला बंदूक जवळून पाहावी लागते.

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांतून जी लांब बंदूक निघते तिला कुणी रायफल म्हणतात. ती रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, ही आतून गुळगुळीत. तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, शिशाची गोळी सोडायची अन् गजानं ठासायची. नळीच्या मागच्या टोकाला बारीक कान, कानाशी रंजक. शोऱ्यात भिजवून वाळवलेला सुती तोडा धुमसत ठेवायचा. चाप ओढला की तो रंजकावर टेकतो. एवढंच यंत्र. पण नळी पाहा! लोखंडाची पट्टी सळईभोवती तिरकी गुंडाळायची, भट्टीत लाल करायची, घणाखाली सांधायची. सांधा कच्चा राहिला तर बंदूक फुटणार ती चालवणाऱ्याच्या तोंडावर. म्हणजे धन्याचा जीव लोहाराच्या हातात!

हेच काम अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत लिहून ठेवलं आहे. 1596 साली वऱ्हाड मोगलांकडे गेलं, त्याच काळातला हा ग्रंथ. नरनाळा अन् गाविलगड त्यात नोंदलेले आहेत. बादशहाच्या कारखान्यात बंदुकीवर लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, कुठं घडवलं, तारीख हे सगळं कोरत, आणि कारागिराचं नावही. मी पाहिलेल्या गावठी नळ्यांवर नाव नव्हतं.

आता नळी लाकडाला कशानं बांधतात ते बघा. पितळी पट्टी, तार, नाहीतर कातड्याची वादी. वादी आली म्हणजे चांभार आला, कातडं आलं. अन् मेलेलं ढोर गावाबाहेर ओढणारा महार आला. दारूतला शोरा निघायचा तो गोठ्यातल्या अन् पडक्या वस्त्यांच्या खारट मातीतून. दसऱ्याला जी बंदूक पाटावर मांडत अन् जिच्याजवळ आपल्याला फिरकू देत नसत, तिच्यात आपलीच मेहनत बांधलेली होती बाप्पा!

एक गंमत सांगतो. 1857 ची एनफिल्ड हीही ठासणीचीच, पण खरी रायफल. तिच्या काडतुसाच्या चरबीनं धर्म बुडाला म्हणून केवढा भडका उडाला. वादीच्या कातड्यानं मात्र कुणाचा धर्म बुडाला नव्हता.

आता चालवणारे हात. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला वेलस्लीनं भोसले-शिंद्यांची फौज मोडली, 15 डिसेंबरला गाविलगड घेतला. कंपनीच्या शिपायाकडे चकमकीची बंदूक होती. भरायची तोंडातूनच, पण तोड्याऐवजी गारगोटीची ठिणगी. शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला महार शिपायांच्या हाती याच जातीची बंदूक होती. तिथल्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावं आहेत. लोखंडावर नाही तर निदान दगडावर आली.

तरी ती बंदूक कंपनीची होती, हे विसरू नका. नोकरी संपली की जमा. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानं परवाना आला. गावाच्या राखणीला उभ्या महाराच्या हाती उरली घुंगरकाठी. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरतीही बंद झाली, अन् गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतले पेन्शनर, त्याविरुद्ध अर्ज करत राहिले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता.

आपल्यातले काही जण आता त्या बंदुकीचीच पूजा मांडायला निघालेत. मला ते पटत नाही. दसऱ्याचा पाट मोडायचा अन् स्वतःचा मांडायचा, हे काय झालं? त्यापेक्षा गावोगाव फिरता तेव्हा म्हाताऱ्यांना विचारा : वाड्यातली नळी कोणत्या लोहारानं ठोकली, वादी कोण बदलायचं, दारू कोण कुटायचं. सापडतील तेवढी नावं लिहून आणा. छापायचं आम्ही बघतो.