कुटुंबनियोजन धोरण, महाराष्ट्रातील

लोकसंख्येची वाढ रोखण्यासाठी सरकारने राबवलेला प्रचार, शस्त्रक्रिया, बक्षिसे आणि निर्बंध यांचा कार्यक्रम. भारताने तो 1952मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू केला. महाराष्ट्रात हा विषय त्याच्या तीसेक वर्षे आधीच निघाला होता. र. धों. कर्वे यांनी 1921मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्या कामापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली आणि 1927मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. मूल हवे की नको हे स्त्रीने ठरवावे, हा त्यांचा आग्रह. सरकारने साधने घेतली. हा आग्रह घेतला नाही.

साठच्या दशकात कुटुंबनियोजनाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला, निरोध आणि गर्भाशयात बसवायचा लूप आरोग्य केंद्रांत पोहोचले. त्याचबरोबर ‘टार्गेट’ आले. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक यांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे काम लागले आणि समोरचा माणूस हा आकडा झाला.

आणीबाणीत याची परिसीमा झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत 1976च्या आरंभी रस्त्यावरून पुरुषांना उचलून शस्त्रक्रियेसाठी नेण्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. तिसरे मूल झाल्यावर ठरावीक मुदतीत नसबंदी न करणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद त्यात होती. तिन्ही मुले एकाच लिंगाची असतील तर चौथ्याची मुभा होती. कायद्याची भाषा दोन्ही बाजूंना सारखी असली, तरी तीन मुली असलेल्या घराची मुलाची आस त्यात गृहीत धरलेली दिसते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने हा कायदा अमलात आला नाही. तरीही 1976-77 या एका वर्षात देशभरात सुमारे 83 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश पुरुषांवर होत्या.

1977च्या निवडणुकीत काँग्रेस हरली. कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले आणि पुरुषांना हात लावण्याची हिंमत कोणत्याही सरकारला राहिली नाही. सगळा भार बाईवर आला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची, काही मिनिटांची. तरी ‘त्यांना कष्टाची कामं असतात’ म्हणून घरातली बाईच ऑपरेशनला जाते. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात 2014मध्ये स्त्रियांच्या नसबंदी शिबिरानंतर किमान तेरा स्त्रिया दगावल्या. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

कुटुंब लहान झाले, मुलाची आस तशीच राहिली. त्या दोहोंच्या मध्ये सोनोग्राफी आली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991मध्ये 946, 2001मध्ये 913 आणि 2011मध्ये 894 अशी घसरली. बीड जिल्ह्यात ती 807 होती.

दोन अपत्यांची अट हे या धोरणाचे ताजे रूप. 12 सप्टेंबर 2001नंतर तिसरे अपत्य झालेल्यास ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांची निवडणूक लढवता येत नाही. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. 2005च्या नियमांनी राज्य शासनाच्या नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन मागितले. आमदार-खासदारांना मात्र अशी अट नाही. अन्य पाच राज्यांतील अशाच अटीचा निर्मला बुच यांनी अभ्यास केला, तेव्हा पद टिकवण्यासाठी बायकोला सोडणे, गर्भपात करायला लावणे, मूल दत्तक देऊन टाकणे असे प्रकार समोर आले. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पहिल्या दोन मुलींनंतर सासरच्या दबावाने तिसरे मूल झालेली बाई सरपंचपदाला अपात्र ठरते. दबाव आणणाऱ्या सासूला, दोनच मुले असल्यास, ही अट आडवी येत नाही.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या 2.1च्या पुष्कळ खाली. आंध्र प्रदेशाने घटता जननदर पाहून 2024मध्ये आपल्याकडची दोन अपत्यांची अट रद्द केली.