शुक्राची दोन वर्षं आणि एक माणूस

२००९ ची गोष्ट. आमचा प्रोजेक्ट बंद झाला. अडीच वर्षं ज्याच्यासाठी घासली तो प्रॉडक्ट रिलीजला दीड महिना राहिला असताना एका शुक्रवारी दुपारी चारच्या मीटिंगमध्ये गुंडाळला गेला. नोकरी गेली नाही, पगार चालू राहिला, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? वर एचआरचं "नव्या संधी" वगैरे मेल. पण पुढचे आठ-दहा दिवस मी लॅपटॉप उघडायचो, स्क्रीनकडे बघायचो आणि बंद करायचो. बायको म्हणाली, "अहो, कोणी गेल्यासारखं तोंड करून काय बसलायत?" आता कोणी गेलं नव्हतं हे खरं, पण गेल्यासारखं वाटत होतं हेही खरंच.

त्याच दिवसांत कुठेतरी गियोम ल जाँती या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. तेव्हापासून हा गृहस्थ डोक्यातून गेलेला नाही. या वीकेंडला त्याच्यावर लिहून टाकतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसतो त्याला अधिक्रमण म्हणतात. ही घटना जोडीने येते. आठ वर्षांच्या अंतराने दोनदा, आणि मग शंभराहून अधिक वर्षं काहीच नाही. हॅलेने (धूमकेतूवाला, तोच) सुचवून ठेवलं होतं की पृथ्वीवरच्या लांब लांब ठिकाणांहून या अधिक्रमणाच्या वेळा अचूक मोजल्या तर सूर्य किती दूर आहे ते काढता येईल. जोडी येणार होती १७६१ आणि १७६९ ला. सगळ्या युरोपातून मंडळी दुर्बिणी घेऊन जगभर निघाली. ल जाँतीच्या वाट्याला आलं पाँडिचेरी.

मार्च १७६० मध्ये तो फ्रान्सहून निघाला आणि जुलैत मॉरिशसला पोचला. पण तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजांचं युद्ध पेटलेलं, पुढे जायला जहाज मिळेना. अखेर मार्च १७६१ मध्ये एक जहाज मिळालं. वाऱ्यांनी त्याला समुद्रात भरपूर हिंडवलं, आणि मलबार किनाऱ्यावर माहेजवळ आल्यावर कळलं की पाँडिचेरी पडली. कधी? १६ जानेवारी १७६१ ला. म्हणजे आपलं पानिपत झालं त्याच्या बरोब्बर दोन दिवसांनी! शाळेत 'पानिपत झालं' एवढंच शिकवतात. त्याच आठवड्यात हिंदुस्थानातली फ्रेंचांची मुख्य गादीही गेली, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

जहाज मागे फिरलं. ६ जूनला अधिक्रमण झालं तेव्हा ल जाँती भर समुद्रात. आकाश स्वच्छ, शुक्र दिसतोय, त्याने निरीक्षण केलंही. पण जहाज डुलतंय, लंबकाच्या घड्याळाचा भरवसा नाही, आपण नेमके कुठे आहोत हे रेखांशही पक्के नाहीत. म्हणजे डेटा आहे पण टाइमस्टॅम्प नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पहिलं जहाज पकडून घर. हा म्हणाला, आठ वर्षांनी परत आहे ना, थांबतो! आणि थांबला. बरं, नुसता थांबला नाही. मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले, वारे आणि भरती-ओहोटीच्या नोंदी केल्या. मग १७६६ मध्ये मनिला गाठलं. तिथे थांबायचं त्याच्या मनात होतं, पण तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरशी जमेना आणि पॅरिसच्या अकादमीचं म्हणणं पाँडिचेरीच बरं. तहानंतर ती फ्रेंचांना परत मिळाली होती. मार्च १७६८ मध्ये तो तिथे पोचला आणि किल्ल्याच्या पडक्या अवशेषांवर त्याने वेधशाळा उभी केली. मद्रासच्या इंग्रजांनी तर चक्क दुर्बीण पाठवली, ज्यांच्यामुळे पहिली संधी हुकली त्यांनीच!

हातात वर्षभर होतं. ते त्याने तिथल्या तमिळ पंडितांकडून ग्रहणगणित शिकण्यात घालवलं. १७६५ च्या ३० ऑगस्टच्या चंद्रग्रहणाचा कालावधी तमिळ गणितात ४१ सेकंदांनी चुकत होता, आणि युरोपातल्या मायरच्या नावाजलेल्या कोष्टकांनुसार ६८ सेकंदांनी. हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथे, त्या जगप्रसिद्ध दुर्दैवापेक्षा जास्त.

मग आला ४ जून १७६९. मे महिनाभर सकाळी आकाश निरभ्र. आदल्या दिवशीही स्वच्छ. रात्री उठून बघतो तर ढग. सूर्य उगवला तोच ढगाआड. वादळी वारा सुटला. सातच्या सुमाराला शुक्र सूर्यबिंबावरून बाहेर पडला, आणि त्यानंतर थोड्या वेळाने ऊन पडलं. दिवसभर लख्ख! तिकडे मनिलात, जे तो सोडून आला होता, सकाळपासून आकाश मोकळं होतं.

तो लिहितो की दोन आठवड्यांहून जास्त काळ तो अगदी खचून गेला होता. रोजनिशी लिहायला घ्यावी तर लेखणी हातातून गळून पडायची. हे वाचलं आणि मी माझ्या बंद लॅपटॉपकडे बघितलं. नऊ वर्षं घरापासून लांब राहून टिकलेला माणूस पंधरा दिवस चार ओळी लिहू शकत नव्हता, आणि ते त्याने लपवलंही नाही. आम्हाला सोमवारीच "मूव्ह ऑन" व्हायला सांगितलं होतं.

पुढचं भराभर सांगतो. आजारपण, वादळात मोडकळलेलं जहाज, परत मॉरिशस, मग एका स्पॅनिश जहाजातून कादिझ, तिथून खुष्कीने पिरेनीज ओलांडून फ्रान्स. ऑक्टोबर १७७१. एकूण अकरा वर्षं, सहा महिने, तेरा दिवस. घरी बघतो तर नातेवाईक हा मेला असं धरून इस्टेट वाटायच्या तयारीत! पत्रं वाटेतच हरवलेली. अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली. कोर्टात गेला तर दावा हरला, वर खर्चही अंगावर.

पण इथे गोष्ट संपत नाही, जरी बहुतेक लोक इथेच संपवतात. अकादमीत त्याला पुन्हा घेतलं. त्याने लग्न केलं, मुलगी झाली. हिंदी महासागरातल्या प्रवासावर दोन जाडजूड खंड लिहिले, १७७९ आणि १७८१ मध्ये. परतल्यावर आणखी २१ वर्षं जगला. आणि दुसरीकडे त्याचाच देशबांधव शाप: १७६९ चं अधिक्रमण त्याने कॅलिफोर्नियात उत्तम पाहिलं आणि दोन महिन्यांच्या आत तिथेच तापाने गेला. दोघांपैकी नशीबवान कोण? मला ठरवता आलेलं नाही. रात्री एक उत्तर येतं, सकाळी दुसरं.

आमच्या प्रोजेक्टचा कोड कुठल्याशा सर्व्हरवर पडून राहिला. पंधराव्या की सोळाव्या दिवशी मी नव्या टीमचं पहिलं डॉक्युमेंट उघडलं. आवडलं नाही, पण वाचलं.

६ जून २०१२ ला मात्र पहाटे उठून मुलीला घेऊन गच्चीवर गेलो. १७६९ सारखंच, सूर्य उगवतानाच शुक्र बिंबावर असणार होता. आणि आमच्याकडेही ढग! ती तेव्हा सहा वर्षांची. दर दोन मिनिटांनी, "बाबा, दिसला?" शेवटी ढग जरासे फाटले, ग्रहणाचा चष्मा तिच्या डोळ्यांना लावला, आणि ती म्हणाली, "एवढासाच?"

पुढचं कधी म्हणून विचारलं तिने. म्हटलं, डिसेंबर २११७. तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि खाली दूध प्यायला गेली.